युनि-टी यूटी २१०ई क्लॅम्प मीटर: मीटर चांगलाय, पण नवीन पोराने लगेच घेऊ नये

आधी निकाल सांगतो, ज्यांना घाई आहे ते मोकळे. मीटर मस्त आहे, पाचातले चार देईन, माझ्या दुकानात रोज वापरात आहे. पण "गाड्यांचं इलेक्ट्रिक काम शिकायचंय, कुठला मीटर घेऊ" असं विचारणारी पोरं हल्ली जास्त झालीत आणि त्यातली निम्मी यूट्यूब बघून थेट हाच मीटर मागवायच्या बेतात असतात, त्यांना मी सांगतो थांब जरा. का ते पुढे येईलच.

आमचं दुकान सिंधुदुर्गात, हायवेपासून आत. येणाऱ्या गाड्या म्हणजे पिकअप, रिक्षा, डंपर, मालवण-वेंगुर्ल्याकडच्या मासळीच्या गाड्या, देवगडच्या आंबेवाल्यांचे टेंपो, आणि मे महिन्यात नि गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या. त्यामुळे हा रिव्ह्यू त्या कामाचा आहे. घरातलं फिटिंग करणाऱ्यांनी दुसरीकडे बघावं.

क्लॅम्प मीटर म्हणजे वायर न कापता तिच्याभोवती जबडा लावून करंट मोजणारा मीटर. साधा क्लॅम्प मीटर जो घरच्या वायरमनकडे असतो तो बहुतेक फक्त एसी करंट मोजतो, गाडीत बॅटरी म्हणजे डीसी, तिथे तो शून्य दाखवत बसतो. पोरं फसतात ती इथेच, स्वस्तातला क्लॅम्प घेऊन येतात नि मग म्हणतात मीटर खराब आहे. मीटर खराब नसतो, कामाचा नसतो एवढंच. डीसी मोजायला जबड्यात हॉल सेन्सर (चुंबकत्व ओळखणारा सेन्सर) लागतो आणि तो या २१०ई मध्ये आहे. रेंज तीन, २ अँपिअर, २० अँपिअर, १०० अँपिअर, आणि २ अँपिअरच्या रेंजला एक मिलिअँपिअरपर्यंत आकडा दिसतो. खरी गंमत त्या २ च्या रेंजमध्ये आहे, त्यासाठीच हा मीटर घ्यायचा. मोठे क्लॅम्प ४००-६०० अँपिअरचे मिळतात पण त्यांना बारीक करंट दिसतच नाही.

बारीक करंट कशाला बघायचा ते सांगतो. गिऱ्हाईक येतं, "नवी बॅटरी घातलंय तरी चार दिवस उभी ठेवली की गाडी चालू होना नाय." हे वाक्य आमच्या धंद्यात वर्षभर ऐकायला मिळतं, पण मुंबईचे लोक गाडी गावी ठेवून जातात ना, त्यांच्या तोंडून जास्त. आता हिशोब बघा. छोट्या पेट्रोल गाडीत ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. गाडी बंद करून लॉक केल्यावर घड्याळ, रिमोट, ईसीएमची (इंजिनच्या कॉम्प्युटरची) मेमरी यांना थोडा करंट लागतोच, ५० मिलिअँपिअरच्या आत असला तर चालतं. ५० मिलि म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिनाभर हात लावला नाही तर बॅटरी तशीही रिकामी. पण तोच करंट ३०० मिलि असेल तर दिवसाला ७.२, म्हणजे पाच दिवसात पूर्ण खल्लास आणि सेल्फ (स्टार्टर मोटर) मारायला नकार त्याच्या आधीच. अशा वेळी अजून एक नवी बॅटरी घालून काय होणार, ती पण पाचव्या दिवशी झोपणार.

तर पद्धत अशी. बॉनेट उघडा, दरवाज्याची नि बॉनेटची खटकी स्क्रूड्रायव्हरने दाबून लॉक करून ठेवा म्हणजे गाडीला वाटेल सगळं बंद आहे, चावी लांब ठेवा, आणि अर्धा-पाऊण तास चहा प्या. नवीन गाड्यांमधली मोड्यूलं (छोटे कॉम्प्युटर) लगेच झोपत नाहीत, कोणी दहा मिनिटात झोपतं कोणी पाऊण तास घेतं. मग बॅटरीच्या निगेटिव्ह केबलला क्लॅम्प लावा. वायर कापायची नाही, टर्मिनल सोडायचं नाही. टर्मिनल सोडून मीटर मध्ये जोडला तर परत जोडताना सगळी मोड्यूलं जागी होतात, फॉल्ट कधी कधी गायब पण होतो, आणि जोडलेला असताना कोणी चुकून चावी फिरवली तर मीटरचा फ्यूज उडालाच म्हणून समजा. क्लॅम्पला ही भानगड नाही. ३०० मिलि दिसले की एकेका सर्किटवर जायचं.

बहुतेक वेळा चोर बाहेरचा असतो. म्युझिक सिस्टीम बाजारात बसवून घेतलेली, तिची पिवळी वायर कायम प्लसची आणि लाल वायर चावीवरची, पण बसवणाऱ्याने कंटाळा करून दोन्ही एकत्र पिळून टाकलेल्या, मग ती कधी झोपतच नाही. डॅशकॅम, जीपीएस, चार्जर, हीच मंडळी. आणि दुसरा चोर म्हणजे अल्टरनेटर. याचा डायोड लीक झाला की फ्यूज सगळे काढले तरी करंट तसाच, कारण अल्टरनेटरची जाड वायर थेट बॅटरीवर येते. त्या वायरला क्लॅम्प लावला की चोर तिथल्या तिथे पकडला जातो. या एका कामासाठी मी हा मीटर कोणाला उसना पण देत नाही.

आता खोड्या. या खोड्या एका कंपनीच्या नाहीत, हॉल सेन्सरवाले सगळे क्लॅम्प थोडेफार असेच. एक म्हणजे शून्य सरकतं. मीटर हातात नुसता फिरवला तरी आकडा हलतो कारण पृथ्वीचं चुंबकत्व पण त्याला दिसतं. म्हणून ज्या दिशेने लावणार त्याच दिशेने, केबलच्या जवळ पण केबल जबड्यात न घेता धरायचा, झीरोचं बटण दाबायचं, मग लावायचा. मग एकदा उलटा लावून बघायचा, आकडा तोच येऊन फक्त मायनस झाला पाहिजे. हे न करता "४० मिलि आहे, ६० मिलि आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दहा-पंधरा मिलिच्या खालचं तर मी क्लॅम्पवर धरतच नाही. आणि मोठा करंट मोजून झाला की जबड्यात थोडं चुंबकत्व राहतं, परत झीरो करायचं.

दुसरं, १०० अँपिअरच्या वर जात नाही. सेल्फ किती करंट खातो ते यावर बघता येणार नाही, छोटी पेट्रोल गाडी पण सुरू होताना सहज शंभरच्या वर जाते, डिझेल तर बोलूच नका. जबडा पण १७ मिलिमीटरचा, पिकअपची एक केबल बसते, डंपरच्या २४ व्होल्टच्या बॅटरीला चार वायरी एका टर्मिनलला कोंबलेल्या असतात तिथे हा काय करणार. सेल्फसाठी व्होल्टेजने काम होतं, सेल्फ मारताना बॅटरी साधारण ९.६ च्या खाली जाता कामा नये, आणि ती गेली नाही तरी सेल्फ सुस्त असेल तर केबलवरचा ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्टेज खाल्लं जातंय, ते बघायचं. ते साध्या मीटरवर होतं.

तिसरं, मीटरवर लिहिलंय कॅट थ्री ३०० व्होल्ट, ही सुरक्षेची मर्यादा. याचा अर्थ इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीकडे हा मीटर घेऊन जायचं नाही. चारचाकी इलेक्ट्रिकमध्ये नारिंगी वायर दिसली की ती हाय व्होल्टेज, तिथे शिक्षण न घेता, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे नसताना हात घालणारा पोरगा आम्हाला नकोय. इलेक्ट्रिक गाडीत पण १२ व्होल्टची छोटी बॅटरी असते, काच-लाईट-हॉर्न सगळं तिच्यावर, तेवढं काम करा खुशाल.

बाकी बारीकसारीक ठीक आहे. खिशात मावतो, दोन ट्रिपल-ए सेल लागतात, प्रोब बऱ्यापैकी. प्लॅस्टिक फार दणकट नाही, सिमेंटवर पडला तर काय होईल सांगता येत नाही म्हणून मी रबरी कव्हर घातलंय. नकली माल पण बाजारात आहे म्हणतात, बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

आता मुख्य गोष्ट, नवीन पोराने का थांबावं. या धंद्यात पैसे मिळतात ते फॉल्ट शोधायचे, पार्ट बदलायचे नाहीत. पार्ट तर दुकानदार पण बदलून देतो. आणि शोधायला आधी करंट कुठून निघतो, कुठून जातो, परत बॅटरीला कुठून येतो हे डोक्यात बसावं लागतं. ते बसायच्या आधी हातात भारी मीटर आला की पोरगा आकडा वाचतो नि त्यावर पार्ट बदलतो. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्यांदा टेस्ट लॅम्प बनवायला लावतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, होल्डर, दोन वायरी, एका टोकाला क्रोकोडाईल क्लिप, दुसऱ्याला टोकदार प्रोब. खर्च चहा-वड्याएवढा.

हा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो, आणि तिथेच तो मीटरला हरवतो. आमच्याकडच्या खाऱ्या हवेत वायर आतून हिरवी होते, बाहेरून काळी चकाचक, आत तांब्याचा भुगा, एखादी तार शिल्लक. मीटर लावला की १२ व्होल्ट दाखवतो कारण मीटर स्वतः करंट खातच नाही. पोरगा म्हणतो "काका सप्लाय येतोय, मोटर गेली." लॅम्प लावला की मिणमिण, मग कळतं की सप्लाय येतोय पण त्यात जीव नाही. मासळीच्या गाड्यांना तर हे हमखास. बर्फाचं नि मिठाचं पाणी वरून टपकत चेसीवर, टेललाईटचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) कुजतात, अर्थिंगचा बोल्ट गंजून पातळ होतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा या गाड्या रिकाम्या असतात, तेव्हाच मागचं वायरिंग पूर्ण काढून नवीन टाकायचं काम येतं. शिकायला यापेक्षा चांगले दोन महिने नाहीत, एका गाडीत अख्खं शिक्षण.

पण लॅम्पला पण मर्यादा. ईसीएमच्या वायरीला, सेन्सरच्या पाच व्होल्टच्या वायरीला, एअरबॅगच्या पिवळ्या कपलरला हा लॅम्प लावायचा नाही म्हणजे नाही. तिथे मीटरच. एअरबॅगला तर मीटर पण नाही. हे पहिल्या आठवड्यात पाठ.

मग त्यानंतर साधा डिजिटल मीटर घ्यावा, ज्यात २०० मिलिव्होल्टची रेंज आहे असा. याच्यावर व्होल्टेज ड्रॉप शिकायचा. हेडलाईट चालू ठेवा, काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलवर नाही, खांबावर), लाल प्रोब बल्बच्या अर्थ पिनवर. दोन दशांश व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंगमध्ये गडबड. आमच्याकडे पावसात "लाईट मंद झाली", "इंडिकेटर दिला की दुसऱ्या बाजूचा पण लुकलुकतो", "ब्रेक मारला की पार्किंग पेटते", असलं भूत घेऊन लोक येतात, दहापैकी बऱ्याच वेळा बॉडी अर्थ. बोल्ट काढून पॉलिश पेपर मारायचा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नवीन दाबायची, वरून ग्रीस. गिऱ्हाईकाला दोन मिनिटाचं काम दिसतं नि तो म्हणतो "नुसता बोल्ट घासलंस, तेचे पैसे कसले?" शोधायचे पैसे असतात हे सांगायला लाज वाटत असेल तर या धंद्यात उपाशी मराल. आधीच बोलून घ्यायचं, तपासायचे इतके, कामाचे वेगळे.

ड्रेन, म्हणजे बंद गाडीत बॅटरी खाणारा तो करंट, शोधताना पण साध्या मीटरचा उपयोग होतो. फ्यूज न काढता, त्याच्या डोक्यावर दोन उघड्या टिकल्या असतात ना त्यांच्यावर प्रोब ठेवायचे, मिलिव्होल्ट दिसला की त्या फ्यूजमधून करंट जातोय. फ्यूज उपसला की मोड्यूल जागं होतं, असं केलं की होत नाही. म्हणजे क्लॅम्पने करंट किती ते कळलं, मिलिव्होल्टने कुठून ते कळलं. दोघं मिळून काम. म्हणून म्हणतो, क्लॅम्प तिसरा घ्यायचा, पहिला नाही.

धंद्यात शिरायचं कसं हे पण बरेच जण विचारतात, थोडक्यात माझं मत. दोन वाटा आहेत, आयटीआय किंवा दुकानात हाताखाली. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकल हा दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड आहे, त्यात इलेक्ट्रिकल येतं, आता मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेईकल पण काही ठिकाणी सुरू झालाय. अ‍ॅडमिशन राज्यभर एकत्र ऑनलाईन होते, दहावीचा निकाल लागला की लगेच फॉर्मकडे लक्ष ठेवा, आमच्याकडची पोरं गणपतीनंतर विचारायला जातात. आयटीआयचा कागद असला की एसटीत अप्रेंटिस म्हणून लागता येतं, सिंधुदुर्गासाठी विभाग कणकवलीला आहे, त्यांच्या जाहिरातीत ऑटो इलेक्ट्रिशियनच्या जागा असतात. एसटीत काय मिळतं तर मोठ्या गाडीचा २४ व्होल्टचा हात, सेल्फ-अल्टरनेटर रोज खोलायला, आणि शिस्त. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पण कागदच विचारतात, तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) नि सर्किट डायग्राम बघायला मिळतात जे आमच्यासारख्याला अजून मित्राकडे मागावे लागतात. पण तिथे मोड्यूल बदलायची सवय लागते, आतली वायर जोडायला कोणी शिकवत नाही.

दुकानात उलटं. पहिले काही महिने टर्मिनल घासणं, डिस्टिल वॉटर भरणं, डॅशबोर्डचे स्क्रू काढणं, चहा आणणं. मग बल्ब-फ्यूज-हॉर्न, मग रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. रिलेचे चार आकडे, ३०, ८५, ८६, ८७, हे झोपेत विचारलं तरी आले पाहिजेत, ३० ला बॅटरी, ८७ ला लोड, ८५-८६ ला कॉईल. त्यानंतर बाकावर सेल्फ, कार्बन, बुश, आर्मेचर. वायरिंगला हात लावायला वर्ष जातं आणि तेवढं जायलाच हवं. पगार म्हणजे सुरुवातीला पेट्रोल नि जेवण एवढाच धरा, घरी आधी सांगून ठेवा. माझा सल्ला, जमत असेल तर दोन्ही करा, आयटीआय चालू असताना सुट्टीत दुकानात बसा. ओहमचा नियम वर्गात कळतो, पण ६०/५५ च्या जागी १००/९० चे बल्ब घातल्यावर होल्डर वितळलेला हातात आला की तो आवडायला लागतो. दोन बल्बचे मिळून १२० वॅटला दहा अँपिअर, २०० वॅटला साडेसोळाच्या वर, वायर तीच, दुसरं काय होणार. आंबोली घाटात धुकं असतं म्हणून लोक लाईट वाढवून मागतात, त्यांना असे बल्ब घालून देणारा धंद्याला बट्टा लावतो (आणि ते कायद्यात पण बसत नाहीत), फॉग लॅम्प रिले नि फ्यूज टाकून बसवून द्या.

स्कॅनरबद्दल पण एक. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-सिक्स (धुराचे कडक नियम) आलं, आता स्कॅनर शिवाय चालणार नाही हे खरं. पण ब्लूटूथचा डोंगल घेऊन फिरणारी पोरं कोड वाचतात पी०५६२, म्हणजे सिस्टीम व्होल्टेज कमी, आणि बॅटरी विकतात. कोड एवढंच सांगतो की व्होल्टेज कमी आहे. बॅटरी, अल्टरनेटर, बेल्ट, की तो अर्थिंगचा बोल्ट, हे तुम्ही शोधायचं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ आहे का बघा, मग अल्टरनेटरच्या बी-प्लसवर (जाड वायर लागते त्या टर्मिनलवर) तेवढंच आहे का बघा, फरक असला तर वाटेत खातंय कोणीतरी.

आणि पुराचं काम. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला पाणी भरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या सगळ्यांनी पाहिलंय. असली गाडी आली की चावी फिरवायची नाही, पहिल्यांदा निगेटिव्ह सोडायचा. मग कपलर एकेक उघडून गोड्या पाण्याने धुवायचे, सुकवायचे, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा. वेळखाऊ काम आहे, घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाला स्पष्ट नाही म्हणा, कारण सहा महिन्यांनी हिरवा चुरा निघाला की नाव तुमचं घेतील.

तर खरेदीचा क्रम: टेस्ट लॅम्प स्वतः बनवा, साधा मीटर घ्या, बरा क्रिम्पर, म्हणजे थिंबल (वायरीच्या टोकाची लग) दाबायची पक्कड, घ्या (यात कंजूषी करू नका, साध्या पक्कडीने दाबलेली थिंबल एका पावसाळ्यात सुटते), हीट श्रिंक स्लीव्ह, सोल्डर, आणि मग पहिली स्वतःची कमाई हातात आली की हा क्लॅम्प. ज्यांचं दुकान चालू आहे आणि अजून टर्मिनल सोडून ड्रेन मोजतायत त्यांनी मात्र आजच मागवा. एक राहिलं, पावसाळ्यात मीटर गाडीच्या डिकीत ठेवू नका, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, आमच्याकडच्या दमट हवेत सेल लवकर पाझरतात नि स्प्रिंग खातात.